घाई नसलेला माणूस

धुळ्यात आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत हनीफभाईंचं गाद्यांचं दुकान आहे. खाली दुकान आणि कापड बेतायचं मोठं टेबल, मागच्या अंगाला घर, आणि लाकडी जिना चढून गेलं की माळा. माळ्यावर तयार गाद्यांची थप्पी. दर रविवारी दुपारची जेवणं आटोपली की हनीफभाई त्यातल्या चार-सहा गाद्या खाली अंथरायचे, खिडक्यांवर रजया टांगून अंधार करायचे आणि मुलाने पाठवलेला प्रोजेक्टर लावायचे. पिक्चर नेहमी एकाच जातीचा. घोडे, धूळ, मोठाल्या टोप्या, कमरेला पिस्तुलं. वेस्टर्न हा शब्द तिथे फक्त कोकिळा मॅडम वापरायच्या, बाकीच्यांसाठी तो काऊबॉयचा पिक्चर.

मॅडम देवपूरच्या शाळेत इतिहास शिकवत. उशा घ्यायला म्हणून आल्या होत्या, वरून गोळ्यांचा आवाज ऐकून जिना चढल्या आणि मग येतच राहिल्या. दुसरे तोताराम नाना, मूळचे शिंदखेड्याचे, एसटीत ड्रायव्हर म्हणून जन्म काढलेले. तिसरा सुकदेव. त्याची देवपुरात पिठाची गिरणी होती आणि रविवारी आंघोळ करून आला तरी त्याच्या भुवयांत पीठ असायचंच. कोणी पाहुणारावळा आला तर येई, पण खरी मंडळी एवढीच.

पिक्चरपेक्षा नंतरचं बोलणं लांबायचं. हनीफभाईंची बायको अमिनाबी चहा घेऊन वर यायची, कपाळाला हात लावायची आणि खाली जायची.

"घोडा दमलेला दिसला पाहिजे," नाना ठासून सांगायचे. "मी ऐन उन्हाळ्यात शहाद्याची गाडी काढलेली आहे. माणूस आणि इंजिन कसं दिसतं ते मला विचारा. तुमचा हिरो दिवसभर वाळवंट तुडवून येतो आणि शर्टाची घडी मोडत नाही. असला पिक्चर मी मानत नाही."

"मला हिरोचं काही पडलेलं नाही नाना," मॅडम म्हणायच्या. "मी गावाकडे बघते. पडदा सारून बघणारे ते लोक. कोण दार उघडतं, कोण कडी लावतं. आणि ज्यांची मुळात जमीन होती ते आदिवासी कुठे गेले? त्यांच्या तोंडी एक धड वाक्य दिलं असेल, तर तो पिक्चर माझ्या दृष्टीने चांगला."

हनीफभाईंचं मत वेगळं होतं. त्यांना गोळी सुटायच्या आधीची शांतता आवडायची. वारा, कुठेतरी करकरणारं दार, घामाने चमकणारा गाल. ती शांतता जितकी लांबवता येईल तितका दिग्दर्शक मोठा, असं ते म्हणायचे.

सुकदेव फारसं बोलायचा नाही. एकदा मॅडमनी फारच आग्रह केला तेव्हा म्हणाला, "ज्याच्यात शेवटी माणूस निघून जातो, आणि मागून कोणी येत नाही, तो."

सगळे हसले. तोही हसला.

संक्रांत होऊन गेली होती. त्या रविवारी पिक्चर सुरू करायच्या जरा आधी जिन्यावर सावकाश पावलं वाजली आणि एक उंच, वाळलेला माणूस दारात उभा राहिला. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, खांद्याला कापडी पिशवी.

"चाचा, आठे काऊबॉयना पिक्चर दाखाडतंस म्हने. तिकीट शे का?"

"तिकीट कसलं? बसा की."

तो मागच्या गादीवर, भिंतीला टेकून बसला. सुकदेवला त्या दिवशी उशीर झाला. तो अंधारातच आला आणि नेहमीच्या जागी, पुढे बसला. पिक्चर संपेपर्यंत काही झालं नाही. हनीफभाईंनी खिडकीवरची रजई काढली, उजेड आत आला, अमिनाबीने कप फिरवले, आणि मागून आवाज आला.

"सुकदेव. वळखं का रे?"

सुकदेवने वळून पाहिलं. हनीफभाई त्याच्या शेजारीच होते. चेहऱ्यावरचं रक्त उतरणं म्हणजे काय ते त्यांनी तेव्हा प्रथमच इतक्या जवळून पाहिलं. सुकदेवने नुसती मान हलवली. हातातल्या चहावर साय धरली तरी कप तोंडाला लागला नाही.

"आम्ही एका गावचे," त्या माणसाने बाकीच्यांना सांगितलं. तो आता शहरी मराठी बोलत होता. "पाचोऱ्याजवळचे. मी पुना. लहानपणी तंबूत असले पिक्चर लागायचे. हा आणि मी कनातीखालून घुसायचो. धुळ्यात कोणी काऊबॉय लावतं असं कानावर आलं, तेव्हाच म्हटलं, सुकदेव तिथे सापडेल."

"मग तुम्ही जुने जाणकार," नाना खुश होऊन म्हणाले. "सांगा, चांगला पिक्चर कोणता?"

पुनाने जरा विचार केला. "येणारा माणूस घाई करत नाही, तो. वाईट पिक्चरमध्ये तो आल्याबरोबर पिस्तूल काढतो. चांगल्यात तो घोडा बांधतो. पाणी पितो. न्हाव्याकडे जाऊन दाढी करतो. गावाला कळलेलं असतं तो कशाला आला. तो मात्र काही बोलत नाही."

"वा!" हनीफभाईंच्या तोंडून निघून गेलं. त्यांच्या शांततेच्या मताला इतक्या वर्षांत कोणी एवढा दुजोरा दिला नव्हता.

सुकदेव उठला. गिरणीवर गिऱ्हाईक थांबलंय असं काहीतरी पुटपुटला. रविवारी गिरणी बंद असते हे सगळ्यांना ठाऊक होतं.

पुढच्या रविवारी पुना आला. त्याच्या पुढच्या रविवारीही आला. दरवेळी मागची गादी, भिंतीला पाठ. कधी कोणाला आवाज चढवून बोलला नाही. मॅडमची ओढणी जिन्याच्या खिळ्याला अडकली तेव्हा त्यानेच हळुवार सोडवून दिली. त्याचं पिक्चरवरचं बोलणं असं की ऐकत राहावं. खरं सांगायचं तर हनीफभाई आता पिक्चर निवडताना मनातल्या मनात पुनाचा विचार करायचे. हा त्याला आवडेल, यावर तो काहीतरी बोलेल.

सुकदेवने मात्र जागा बदलली. आधी कोपऱ्यात गेला, मग जिन्याच्या तोंडाशी. पडद्याकडे तोंड करून बसायचा आणि डोळे तिरपे मागे. अंगावरचं मांस उतरत चाललं होतं.

"येणं बंद का करत नाही हा?" एकदा मॅडमनी हनीफभाईंना बाजूला घेऊन विचारलं. "इतका घाबरतो, तर घरी का नाही बसत?"

हनीफभाई दुसऱ्या दिवशी पूल ओलांडून देवपुरात गिरणीवर गेले. पट्टा चालू होता, बायका डबे घेऊन उभ्या होत्या. सुकदेवने त्यांना पाहून गिरणी भिकुबाईच्या, म्हणजे बायकोच्या, हवाली केली आणि रस्त्यापलीकडे बोट दाखवलं. समोर एक अर्धवट बांधलेली इमारत होती. तिच्या दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर पुना बसला होता. त्याने हात वर करून हनीफभाईंना नमस्कार केला.

"वॉचमन म्हणून लागलाय," सुकदेव म्हणाला. "घरी बस म्हणता, तर घर गिरणीमागेच, आणि समोर हा. तुमच्याकडे निदान चार माणसं असतात."

मग पोत्यांच्या मागे बसून त्याने सगळं सांगितलं. पाटाच्या पाण्यावरून भांडण झालं होतं. समोरचा पोरगा गावातल्या बड्या घरातला. पुनाने कुदळीचा दांडा घातला, पोरगा जागीच गेला. सुकदेव बांधावर उभा होता. जळगावच्या कोर्टात त्याची साक्ष झाली आणि पुना जन्मठेपेवर गेला.

"तू खोटं बोललास?"

"नाही. पुनाने मारलं. मी पाहिलं तेच बोललो." सुकदेवने हातावरचं पीठ झटकलं. "पण त्याच्या आधी त्या पोराने पुनावर विळा उगारला होता. तेबी मी पाह्यलं. ते कोणी विचारलं नाही."

"आणि तू सांगितलं नाहीस."

"त्यांची माणसं माझ्या ओट्यावर येऊन बसायची, हनीफभाई. काही बोलायची नाहीत. भिकुबाईला दिवस गेलेले होते. मी केस झाल्यावर गाव सोडलं, पाचोऱ्याचं नाव नको म्हणून इकडे आलो."

"तो आता तुला काय म्हणतो?"

"काहीच नाही. तोच तर वांधा आहे. शिवी दिली असती तर मी पायावर डोकं ठेवलं असतं. मी एकदा गेलोही होतो त्याच्या खुर्चीपुढे. म्हटलं, पुना, तुला काय करायचं ते एकदाचं कर. तर म्हणे, माले काय करनं शे? बस, चहा पे."

मॅडम आणि हनीफभाई पोलीस चौकीतही जाऊन आले. हवालदाराने सगळं नीट ऐकून घेतलं. धमकी दिली का, अंगावर आला का, हत्यार दाखवलं का, असं एकेक विचारलं. प्रत्येकाला उत्तर नाही असंच होतं. "शिक्षा भोगून सुटलेला माणूस आहे," तो म्हणाला. "खुर्चीवर बसायला बंदी कशी घालू?"

मग हनीफभाई स्वतःच पुनाकडे गेले. आयुष्यभर गिऱ्हाइकांशी गोड बोललेला माणूस, पण त्या दिवशी त्यांनी एकदम विषयालाच हात घातला.

"पुनाभाऊ, रविवारी येऊ नका. वाईट वाटून घेऊ नका."

पुना उठून उभा राहिला. स्वतःची खुर्ची त्यांना दिली. "माझ्याकडून काही चूक झाली का चाचा?"

"चूक नाही. सुकदेवला त्रास होतो."

"मी त्याला हातसुद्धा लावला नाही."

"ते मलाही माहीत आहे. तुमच्या मनात काय आहे, पुनाभाऊ?"

पुनाने गिरणीकडे पाहिलं. दारात सुकदेव चाळणी झटकत होता. "आत असताना मी तेच ते पिक्चर डोळे मिटून परत परत पाहायचो," तो म्हणाला. "तेव्हा माझ्या ध्यानात आलं. त्यात पहिली गोळी नेहमी घाबरलेला माणूस झाडतो. जो आलेला असतो, त्याला काही करावं लागत नाही." मग तो हसला आणि म्हणाला, "तुमचा माळा तुमचा. नाही येणार मी वर."

घरी येऊन हनीफभाईंनी अमिनाबीला हे सांगितलं. ती भाकरी थापता थापता थांबली.

"अहो, ते रविवारचं बंदच करून टाका."

"बंद केलं तर सुकदेव जाईल कुठे?"

"आणि चालू ठेवलं तर?"

हनीफभाईंनी चालू ठेवलं.

पुनाने शब्द पाळला. तो वर आला नाही. पण रविवारी समोरच्या पानटपरीजवळ उभा राहायला लागला. पिक्चर संपून मंडळी उतरली की सुकदेवच्या मागे, रस्त्याच्या दुसऱ्या कडेने, चालत पुलापर्यंत जायचा. नाना एकदा सुकदेवला सोबत म्हणून गेले. परत आल्यावर म्हणाले, "आपण थांबलो की तो थांबतो. मी विचारलं, काय रे बाबा? तर म्हणे, नाना, घरी चाललो, माझी ड्यूटी तिकडेच आहे." त्यानंतर नानांचे गुडघे दुखायला लागले आणि ते दोन-तीन रविवार आलेच नाहीत.

एप्रिलमध्ये ऊन असं पेटलं की गल्लीत कुत्रं दिसेना. त्या रविवारी नाना बऱ्याच दिवसांनी आले होते. पिक्चर संथ होता. नेहमीसारखा वाद मात्र रंगला नाही. मॅडमनी काहीतरी सुरुवात केली, नानांनी हूं केलं, आणि सगळ्यांचं लक्ष खिडकीकडे. टपरीपाशी कोणी नव्हतं.

"आज नाही आला," नाना म्हणाले.

सुकदेवने पुन्हा पुन्हा डोकावून पाहिलं. मग तो उठला. हनीफभाई त्याच्यापाठोपाठ उतरले, मागून नाना कठड्याला धरून एकेक पायरी. मॅडम वर कप गोळा करत होत्या.

पुना दुकानात उभा होता. ऊन फार म्हणून सावलीत आलोय, असाच त्याचा आविर्भाव. कापड बेतायच्या टेबलाच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला जिन्याची शेवटची पायरी. टेबलावर गादीच्या खोळीचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड अर्धं कापून ठेवलेलं होतं आणि त्याच्यावर हनीफभाईंची लांब पात्यांची कातर.

"कसा व्हता पिक्चर?" पुनाने विचारलं.

सुकदेवचा श्वास हनीफभाईंना ऐकू येत होता.

पुनाची नजर टेबलावर गेली. कातरीवर थांबली. मग त्याने सुकदेवकडे पाहिलं, आणि डोळे न हलवता उजवा हात खांद्याच्या पिशवीत घातला.

हनीफभाई ओरडले, पण काय ओरडले ते त्यांना पुढे कधी आठवलं नाही. सुकदेवने कातर उचलली होती. एक घाव मानेच्या खाली बसला, दुसरा दंडात. पुना कापसाच्या गाठोड्यावर मागे कोसळला आणि पांढरा कापूस बघता बघता लाल झाला. पिशवी जमिनीवर पडली. तिच्यातून शेंगदाण्यांची पुडी घरंगळली आणि दाणे फरशीभर सांडले. दुसरं काहीही नव्हतं पिशवीत.

"बठ्ठा दाना सांडी ग्यात," पुना म्हणाला. तो हसत होता की कण्हत होता, सांगता येत नव्हतं.

सुकदेवने कातर टाकून दिली आणि तो शेवटच्या पायरीवर खाली बसला. तो पळाला नाही. मॅडमनी वरून धावत येऊन स्वतःची ओढणी पुनाच्या मानेवर दाबून धरली, नानांनी शेजारच्याची रिक्षा काढायला लावली आणि स्वतः चालवत दवाखान्यात नेली. म्हणून पुना वाचला. डावा हात तेवढा खांद्यातून कायमचा लुळा पडला.

ठाण्यात हनीफभाईंचा जबाब झाला. त्यांनी पहिल्या रविवारपासून सांगायला घेतलं. पिक्चर, गाद्या, कोण काय म्हणालं.

"पिक्चरचं राहू द्या चाचा," टाइप करणारा अंमलदार वैतागला. "पुनाने आधी काही केलं?"

"त्याने कातरीकडे बघितलं. मग पिशवीत हात घातला. मुद्दाम."

"पिशवीत शेंगदाणे होते."

"हो. पण त्याने आधी कातर पाहिली. साहेब, ते लिहा."

"नजर कशी लिहू? हात घातला एवढं लिहितो."

जबाबाखाली सही करताना हनीफभाईंचा हात थांबला. मग त्यांनी सही केली नाही. वाद झाला, मोठे साहेब बाहेर आले, आणि शेवटी त्या नजरेबद्दल एक जादा ओळ टाइप झाली. दुकान सोडून ठाण्यात कशाला भांडताय, असं मुलाने फोनवरून विचारलं. त्यांनी फोन ठेवून दिला.

कोर्टात सरकारी वकील त्या ओळीवर हसला. तुम्ही पिक्चर फार बघता का, असं त्याने विचारलं. हनीफभाई हो म्हणाले आणि जे पाहिलं ते पुन्हा तसंच्या तसं बोलले. पुनाने दिलेली खुर्ची, त्याचं ते घाबरलेल्या माणसाबद्दलचं बोलणं, कातर, नजर, पिशवी. पुना समोर बसून शांतपणे ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. सुकदेव बोलायला उभा राहिला तेव्हा त्याने जळगावच्या कोर्टात न सांगितलेला विळाही सांगून टाकला. या केसशी त्याचा काय संबंध, असं वकील म्हणाला, पण न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं. सुकदेवला शिक्षा झाली, पण सगळ्यांनी धरली होती त्याहून बरीच कमी.

माळ्यावरचा पांढरा पडदा हनीफभाईंनी काढला. आता तिथे नुसत्या गाद्या असतात. मॅडम अधूनमधून येतात, खालीच बसून अमिनाबीशी बोलून जातात.

पुढच्या वर्षी श्रावणात एकदा भिकुबाई दुकानात आली. गिरणी आता तीच चालवते. पदराने तोंड पुसत टेबलापाशी बसली.

"हनीफभाऊ, तो तठे बी येस," ती म्हणाली.

"कुठे?"

"जेलात. भेटीच्या दिवशी. नाव लिहितो, बाहेरच्या बाकड्यावर बसतो. हे त्याला भेटायला नाही म्हणतात, पण तो आलाय हे त्यांना आत कळतं. मग माझ्याशीबी धड बोलत नाहीत. नुसतं विचारतात, तो अजून बाहेर शे का? मी त्याच्या शेजारी बसते हो. दुसरी जागाच नसते."

"तुमच्याशी काही बोलतो?"

"वहिनी, पाणी प्या, म्हणतो."

अमिनाबी दारात उभी राहून ऐकत होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि आत गेली. परत आली ती त्यांचा धुतलेला सदरा घेऊन.

भेटीच्या दिवशी हनीफभाईंनी दुकानाचं शटर ओढलं. आकाश भरून आलेलं, हवा कोंदलेली. जेलच्या दाराबाहेर पत्र्याच्या छपराखाली लोक डबे घेऊन बसले होते. बाकड्याच्या टोकाला पांढऱ्या सदऱ्यातला पुना, डावा हात मांडीवर ठेवलेला. भिकुबाईला पाहून तो सवयीने सरकला आणि मग त्याची नजर हनीफभाईंवर गेली.

"या चाचा," तो म्हणाला. "तुम्ही पण?"

"हो," हनीफभाई म्हणाले. "आता दरवेळी येणार."

ते भिकुबाईच्या आणि त्याच्या मध्ये बसले. पुनाने त्यांच्याकडे निरखून पाहिलं, मग समोरच्या लोखंडी दाराकडे पाहायला लागला. आत कोणीतरी नावं पुकारायला सुरुवात केली होती.